कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपाला दोन फाटकं द्यावीत का?

प्रश्न: मालकाला दोन्ही फाटकं चौकालगत हवीत. परवानगी देताना काय तपासावं?

उत्तर १: सिग्नलची रांग गर्दीच्या वेळी कुठवर येते ते मोजा, फाटक त्यापलीकडेच द्या. नाहीतर थांबलेल्या गाड्यांच्या फटीतून वळणाऱ्याला पलीकडच्या लेनमधला दुचाकीस्वार दिसतच नाही. दोन फाटकं मागणं नेहमीचंच. बहुतेकदा एक पुरतं.

उत्तर २: दुभाजक अखंड ठेवा. फाटकापाशी रस्त्याचा तिठाच होतो, आणि तिठ्यावर वाहनांचे ९ संघर्षबिंदू (वाहनांच्या वाटा छेदतात, मिळतात किंवा फुटतात त्या जागा) असतात. फक्त डावीकडून आत, डावीकडे बाहेर ठेवलं की २ उरतात. नुसत्या ‘उजवीकडे वळू नका’ पाटीने कोणी थांबत नाही.

उत्तर ३: ताशी ५० किमी वेगाला थांबायला सुमारे ६५ मीटर लागतात. तेवढं दिसायला हवं, मालकाचा जाहिरात फलक आड येत असेल तर आधी तो हलवा. फाटकासमोरही पदपथ सलग, त्याच उंचीवर ठेवा.