मदत हवी: मॅन्युअल घेऊ की डीसीटी? उद्या संध्याकाळपर्यंत सांगायचंय

दुसरागिअर:
लोकहो, पटकन सांगा. एकाच मॉडेलच्या दोन सेकंडहँड गाड्या बघितल्यात, एक मॅन्युअल, एक डीसीटी (दोन क्लचवाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). डीसीटीचं रनिंग कमी आणि रंगही मला हवा तोच. पळायला भन्नाट आहे, पण हळू जाताना जरा थरथरते. विकणारा म्हणतो, डीसीटी अशीच असते, सगळ्यांचीच थरथरते. खरंय का? उद्या संध्याकाळी त्याला हो किंवा नाही कळवायचंय, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. "मनाला विचारा" छाप उत्तरं नकोत, प्लीज.

ऑइलपॅन:
गाडी कोणती? साल? रनिंग किती? क्लच वेट (तेलात बुडालेला) की ड्राय (कोरडा)? थरथर थंड असताना की गरम झाल्यावर? यातलं काहीच लिहिलेलं नाही. पत्रिका न दाखवता लग्न कधी होईल विचारताय.

टाचपंजा:
मॅन्युअल. डोळे मिटून मॅन्युअल. स्पोर्ट्स कार घ्यायची आणि गिअर संगणकाने टाकायचे, मग आपण तिथे बसून करायचं काय? पोर्शेने २०१३ साली ९११ जीटी३ फक्त पीडीकेवर (म्हणजे त्यांची डीसीटी) आणली, चाहत्यांनी बोंबाबोंब केली. २०१६ मध्ये ९११ आर काढली ती फक्त मॅन्युअल, आणि २०१७ च्या जीटी३ ला मॅन्युअलचा पर्याय परत द्यावा लागला. यातच सगळं आलं.

पॅडलपंडित:
काहीही आलं नाही त्यात. २०२१ मध्ये आलेल्या ९९२ पिढीच्या जीटी३ चे कंपनीचेच आकडे बघा: ० ते १०० ला पीडीके ३.४ सेकंद, मॅन्युअल ३.९. अर्धा सेकंद! तुमची टाच आणि पंजा कितीही नाचले तरी तो भरून निघत नाही.

टाचपंजा:
त्याच जीटी३ चं वजनही बघा की. मॅन्युअल १४१८ किलो, पीडीके १४३५. आणि सिग्नल सुटल्यावर अर्ध्या सेकंदाने मागे राहिलो तर मला कुणी फाशी देणार नाहीये.

दुसरागिअर:
मी जीटी३ घेत नाहीये हो! तेवढे पैसे असते तर इथे विचारत बसलो असतो का? गाडीचं नाव लिहीत नाही, विकणारा इथे वाचत असेल तर ओळखेल. टू-सीटर, रिअर व्हील ड्राइव्ह, ७ गिअर, वेट क्लच. एवढ्यावर सांगा.

ऑइलपॅन:
चला, वेट क्लच हे तरी कळलं. थरथर नेमकी कधी?

सुलभा_के:
तुमचा गुडघा कसा आहे? माझ्या भावाने हौसेने मॅन्युअल घेतली. त्या गाडीचा क्लच इतका जड की डावा गुडघा धरायला लागला आणि शेवटी विकली. चाळिशीच्या पुढे असाल तर याचा आधी विचार करा.

दुसरागिअर:
ताई, गुडघे ठणठणीत आहेत. थरथर गरम झाल्यावर येते. सुरुवातीला काहीच नव्हतं, मग ट्रॅफिकमध्ये वीसेक मिनिटं गेल्यावर ब्रेकवरून पाय काढला की सीटखाली गुर्रर्र असं होतं. वेग घेतला की बंद.

ऑइलपॅन:
आता बोलता येईल. डीसीटीत एका क्लचवर १, ३, ५, ७ आणि दुसऱ्यावर २, ४, ६ हे गिअर असतात. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच पडलेला असतो. बदलताना एक क्लच सोडतो आणि दुसरा धरतो एवढंच, म्हणून ओढ तुटत नाही. पण टॉर्क कन्व्हर्टर (साध्या ऑटोमॅटिकमध्ये क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा भाग) नसल्यामुळे गाडी रांगते तेव्हा संगणक चक्क हाफ क्लचवर ढकलत असतो. वेट क्लच तेलात बुडालेला. ते तेल थंडावा देतं आणि क्लच किती घट्ट धरणार हेही ठरवतं. तेल म्हातारं झालं किंवा प्लेटा जळल्या की धरणं-सुटणं सुरू होतं, तीच तुमची गुर्रर्र. निघताना हलकासा हिसका मी चालवून घेईन, ही थरथर मात्र नाही. "सगळ्यांचीच थरथरते" हे साफ खोटं. गिअरबॉक्सचं तेल कधी बदललंय?

पॅडलपंडित:
+१. पण यावरून डीसीटीच वाईट असा अर्थ काढू नका. २००३ साली फोक्सवॅगन गोल्फ आर३२ मध्ये डीएसजी (त्यांची डीसीटी) आली, त्याआधी ऐंशीच्या दशकात पोर्शेने ९५६ आणि ९६२ या रेसच्या गाड्यांवर हेच तंत्र घासूनपुसून घेतलं होतं. फेरारीने ४५८ ला मॅन्युअल दिलीच नाही. हे सगळे काय वेडे आहेत?

टाचपंजा:
आणि बीएमडब्ल्यू? एम५ ला डीसीटी होती, २०१७ च्या एम५ ला टॉर्क कन्व्हर्टरवाला साधा ऑटोमॅटिक बसवला. तुमचं क्रांतिकारी तंत्र त्यांनी का सोडलं म्हणे?

पॅडलपंडित:
कारण आठ गिअरचे ते बॉक्स आता जवळपास तेवढेच चपळ झालेत, शिवाय मोठा टॉर्क झेलतात आणि गर्दीत मऊ चालतात. त्यात मॅन्युअलचा विजय कुठून आला?

निवांतराव:
मी म्हणतो इलेक्ट्रिक घ्या. गिअरच नाही, भांडणच नाही.

टाचपंजा:
निवांतराव, धागा कशाचा आहे ते तरी वाचा.

सुलभा_के:
अवांतर: घरात अजून कोण चालवणार?

दुसरागिअर:
बायकोला मॅन्युअल येत नाही, पण तिला या गाडीत काही रस नाही. आणि @ऑइलपॅन, सर्व्हिसचे कागद आहेत, पण त्यात गिअरबॉक्सच्या तेलाचा उल्लेख दिसत नाही. इंजिन ऑइल मात्र वेळच्या वेळी. रनिंग ७०,००० च्या जरा पुढे.

सुलभा_के:
रस नाही हे तिला विचारून लिहिलंत की तुमचं तुम्हीच? 🙂

ऑइलपॅन:
७०,००० वर मूळ तेल? बऱ्याच वेट क्लच डीसीटींना ६०,००० च्या आसपास तेल आणि फिल्टर सांगितलेला असतो. तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल बघा. (पुस्तक म्हणतोय. टाचपंजा, उड्या मारू नका.)

उद्या जाल तेव्हा असं करा. आधी न्यूट्रलमध्ये उभी ठेवून बघा. तिथेही थरथरली तर इंजिन किंवा माउंटिंग, गिअरबॉक्सला दोष देऊ नका. मग गाडी कडक गरम होऊ द्या. सपाट रस्त्यावर ब्रेक सोडा, अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावू नका, पहिल्यावर रांगू द्या. नंतर स्टिअरिंगमागच्या पॅडलने दुसरा टाकून तसंच, गाडी परवानगी देत असेल तर. पहिल्यावरच थरथरली तर विषम गिअरांच्या क्लचवर संशय. दोन्हीवर थरथरली तर तेलाकडे बोट जातं. स्कॅनर लावणारा मेकॅनिक सोबत न्या. क्लच किती घासलाय याचे आकडे आणि तो कधी जास्त तापला होता का, हे बऱ्याच गाड्यांत साठवलेलं असतं. तेल बदलून आणि क्लचचं अ‍ॅडॅप्टेशन (संगणकाला क्लचची पकड नव्याने शिकवणं) करून थरथर गेली तर सुटलात. नाही गेली तर गिअरबॉक्स खाली उतरवायचा.

टाचपंजा:
म्हणजे हेच म्हणतोय मी. मॅन्युअलची क्लचप्लेट गेली तर गल्लीतला मेकॅनिकही बदलून देतो.

ऑइलपॅन:
क्लचप्लेट, हो. ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनचे झटके गिळणारं दोन भागांचं जड चाक) गेलं असेल तर तोच मेकॅनिक डोकं खाजवतो. दुसरागिअर, मॅन्युअलवालीबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही. तिचं काय?

दुसरागिअर:
ती चांगली आहे. दुसरा टाकताना कधीकधी कर्र होतं, तेवढंच. ते तर जुन्या गाडीत व्हायचंच ना?

ऑइलपॅन:
अहो! हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं. थंड असताना सुरुवातीची काही मिनिटं कर्र होत असेल तर घट्ट तेल, फार घाबरू नका. गरम झाल्यावरही होत असेल तर दुसऱ्याचा सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवणारी कडी) गेलाय, म्हणजे इथेही बॉक्स खोलायचा. आणि गाडी वापरणार कशी? रविवारी सकाळी की रोज?

दुसरागिअर:
रोज ऑफिसला, अजून कशाला? गाडी घ्यायची ती वापरायलाच ना. जाता-येता मिळून दोन तास ट्रॅफिक.

पॅडलपंडित:
रोज दोन तास ट्रॅफिक!! आणि हे आत्ता सांगताय?

टाचपंजा:
बरं, एवढ्या ट्रॅफिकमध्ये मीही मॅन्युअल सुचवणार नाही. पण डीसीटीही नको. रोज हाफ क्लचवर रांगून तोही तापणारच.

पॅडलपंडित:
तापतो तो इंच-इंच पुढे सरकणाऱ्यांचा. पुढच्या गाडीत अंतर पडू द्या, मग एकदम सोडा. चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरू नका, ब्रेक दाबा. एवढं केलं तर वेट क्लच वर्षानुवर्षं कुरकुरत नाही.

निवांतराव:
म्हणूनच म्हटलं होतं, इलेक्ट्रिक.

दुसरागिअर:
अपडेट. डीसीटीवाल्याला म्हटलं, मेकॅनिक आणि स्कॅनर घेऊन येतो, गाडी अर्धा तास ट्रॅफिकमध्ये चालवू द्या. आधी म्हणाला पेट्रोल कोण घालणार. मी घालतो म्हटलं. मग म्हणाला स्कॅनरबिनर लावू देणार नाही, घ्यायची तर अशीच घ्या. नाही म्हणून सांगितलं. तासाभराने त्याचाच फोन, तेल बदलून देतो म्हणे. दुसऱ्या गिऱ्हाइकाचं काय झालं ते बोलला नाही.

ऑइलपॅन:
तेल बदलू दे. मग गरम करून परत तीच टेस्ट, आणि स्कॅनरशिवाय एक पैसा देऊ नका. मॅन्युअलवालीची टेस्ट मात्र थंड गाडीवर सुरू करा.

दुसरागिअर:
त्याला सांगितलंय, मी येईपर्यंत स्टार्ट करायची नाही. बायको पण येतेय. डीसीटी असेल तर मीही चालवीन म्हणाली.

सुलभा_के:
😄

नवखा_७७:
उशिरा आलो, सगळं वाचलं नाही. रंग कोणता आहे पण?