मदत हवी आहे: मालगुंड ते आरे-वारे, किनाऱ्याने चालत

मंडळी, डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही चौदा जण एक दिवसाची चाल ठरवतोय. मालगुंडला केशवसुत स्मारकापासून निघायचं, वाळूतून गणपतीपुळे, तिथून भंडारपुळे आणि पुढे आरे-वारे. सर्वांत लहान नऊ वर्षांचा, सर्वांत मोठ्या काकू अडुसष्टच्या. (वेग त्यांचाच जास्त, तो भाग वेगळा.)

अडचण आहे ती मधल्या खडकांची. गणपतीपुळे ते भंडारपुळे कडेकडेने ओहोटीत जाता येतं का, की वर सड्यावर (कातळाच्या पठारावर) चढून रस्ताच धरावा? आमच्या आजोबांच्या हिशोबाने तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. त्या दिवशी पंचमी आहे, म्हणजे पूर्ण भरती पावणेचारच्या सुमारास आणि ओहोटी दहाच्या आगेमागे. साडेसातला निघालो तर खडकांचा टप्पा अकराच्या आत उरकेल असं वाटतं. हिशोब बरोबर आहे ना?

पायात काय घालावं, तेही सांगा. मागे एका कातळावर शेवाळावरून घसरलो आणि कालवांच्या धारेने चपलेच्या तळव्यासकट टाच कापली होती. आठवडाभर लंगडत होतो.

पाण्यात कोणीही उतरणार नाही, गणपतीपुळ्याचा समुद्र ओढतो हे माहीत आहे. आरे-वारेहून संध्याकाळी रत्नागिरीला एसटी मिळते का? नाहीतर वडाप (खाजगी प्रवासी जीप) आधीच सांगून ठेवतो. आणि दुपारी घरगुती जेवण, उकडीचे मोदक मिळाले तर उत्तमच, कुठे मिळेल?