घोरण्यावर मास्क की छातीत यंत्र?

खानापूरकर: बाबांना स्लीप अ‍ॅप्निया आहे. झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, दचकून उठतात. सीपॅप, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं विजेवरचं यंत्र, कपाटावर पडून आहे. मास्क लावला की जीव गुदमरतो म्हणतात. त्यात पावसाळ्यात आमच्याकडे लाईटचा नेम नाही. अमेरिकेत २०१४ पासून 'इन्स्पायर' यंत्राला मान्यता आहे. गळपट्टीच्या हाडाखाली बसवतात, तार जिभेच्या नसेपर्यंत. श्वासाच्या लयीत नसेला हलका झटका बसतो, जीभ पुढे सरते, वाट मोकळी. झोपताना रिमोटनं सुरू करायचं. मास्क झेपत नाही त्यांना डॉक्टरांनी हे किमान सांगावं तरी, असं माझं मत.

निपाणीचा मामा: सांगून करायचं काय? ऑपरेशन आलं, डॉलरमधली किंमत आली, दहा-अकरा वर्षांनी बॅटरी संपली की परत चिरफाड. सेटिंग जुळवायला बेळगावात कुणाकडं जाणार?

खानापूरकर: मामा, १२६ जणांवरच्या अभ्यासात तासाला श्वास अडण्याचा मध्यक आकडा वर्षभरात २९ वरून ९ वर आला. हे थोडं आहे काय?

टिळकवाडी ईएनटी: थोडं नाही, पण ते १२६ निवडून घेतलेले होते. मास्क न झेपलेले, फार स्थूल नसलेले. झोपेचं औषध देऊन दुर्बिणीनं घसा बघितला आणि टाळूमागची वाट चहूबाजूंनी मिटत असलेल्यांना वगळलं. तुलनेचा वेगळा गट सुरुवातीला नव्हता. मात्र गुण आलेल्यांपैकी ४६ जण घेऊन निम्म्यांचं यंत्र आठवडाभर बंद ठेवलं, तेव्हा त्यांचा आकडा परत चढला. म्हणजे गुण यंत्राचाच, हे मलाही पटतं. पण तुमचे बाबा त्या निवडीत बसतात का, हे दुर्बिणीशिवाय कुणीच सांगू शकत नाही. शिवाय मास्क खरंच 'फेल' गेलाय का? नाकापुरता छोटा मास्क लावून बघितला? हवा दमट करणारा भाग जोडला? लाईटचं म्हणाल तर सीपॅप इन्व्हर्टरवर चालतो.

कुंदाप्रेमी: वजन उतरवा, कुशीवर झोपा. (कुंदा ही आमची बेळगावची मिठाई, पण माझं नाव वाचून हसू नका.)

खानापूरकर: बाबा काटकुळे आहेत हो! प्रत्येक घोरणारा जाडाच असतो, हे कुणी ठरवलं? छोटा मास्क मात्र बघतो. तोही नाही झेपला तर दुर्बिणीचं विचारणारच.

निपाणीचा मामा: विचार की. पण तोवर बाबा मोटरसायकल चालवतात काय? दिवसा डुलकी येत असेल तर आधी किल्ली काढून घे.

खानापूरकर: किल्ली मागायला तुम्हीच या मामा.