रेंज, नेट, वायफाय, लाईन : नेमकं काय गेलं म्हणायचं?

रावेरकर :
आमच्या घरात काही बंद पडलं की एकच वाक्य, "रेंज गेली". रिचार्ज संपला तरी रेंज गेली, राउटरच्या डब्यावर लाल लाईट लागला तरी रेंज गेली. परवा मंडळींनी नेट कंपनीच्या माणसाला फोन लावला, वायफाय येत नाहीये म्हणून, तर तो म्हणे मोबाईलमध्ये वायफायचं नाव दिसतंय का, हिने सांगितलं दिसतंय, मग तो म्हणे वहिनी वायफाय तर येतंय की! झालं, दोघांचं जुंपलं. तर जाणकारांनो, हे शब्द कुठे कुठला वापरायचा, आणि रेंजला मराठीत धड काही शब्द आहे का?

भुसावळकर :
भाऊ, शब्दाच्या हिशोबाने तो माणूस बरोबर होता, फक्त बोलायची पद्धत नव्हती. वायफाय म्हणजे डब्यापासून तुमच्या मोबाईलपर्यंतचाच कारभार. नेट बाहेरून फायबरने, म्हणजे काचेच्या बारीक तारेतून उजेडाने, डब्यात येतं, आणि डबा ते पुढे हवेतून वाटतो. म्हणून खांबावर फायबर तुटली तरी मोबाईलवर वायफायच्या काड्या फुल दिसतात, त्या काड्या फक्त डबा ते मोबाईल सिग्नल कसा आहे तेवढंच सांगतात, बाहेरचं त्यांना काही माहीत नसतं. अशा वेळी "वायफाय आहे, नेट नाही" म्हणायचं. आणि तो लाल लाईट एलओएसचा असेल, म्हणजे लॉस ऑफ सिग्नल, फायबरमधून उजेडच येत नाही डब्यात. वहिनींना सांगा, पुढच्या वेळी फोनवर "एलओएस लाल मारतोय" एवढंच म्हणा, समोरचा सरळ लाईनवर माणूस पाठवतो.

धुळेकर :
रेंजला "पल्ला" आहे ना, तोफेचा पल्ला म्हणतो तसा. पण गंमत अशी की मूळ इंग्रजीत रेंज म्हणजे किती लांब पोचतं ते, आणि आपण मोबाईल आल्यापासून सिग्नललाच रेंज करून टाकलं. "एक काडी रेंज आहे", "गच्चीवर रेंज मिळते", आमच्या आजोळी तर अहिराणीत "आठे रेंज नही शे", म्हणजे इथे रेंज नाही, म्हटलं की विषय संपला. तिथे पल्ला घालून बघा, "आठे पल्ला नही शे", कोणी ढुंकून बघणार नाही. सिग्नलच्या अर्थाने रेंज आता मराठीच झाला, पल्ला राउटरसाठी ठेवा. बहुतेक राउटरच्या लहरी दोन प्रकारच्या, २.४ गिगाहर्ट्झचा पल्ला लांब, भिंतीतूनही बऱ्यापैकी जातो, ५ गिगाहर्ट्झचा पल्ला आखूड पण वेग जास्त. धाब्याच्या घरात हाच फरक कळतो, मातीच्या जाड भिंतीपलीकडे ५ वालं नाव दिसतसुद्धा नाही.

रावेरकर :
पल्ला आवडला! आमचं घर मळ्यात, बाग लहान होती तोवर मोटारीच्या खोलीपर्यंत वायफाय यायचं, केळी वाढून निसवायला लागली, म्हणजे घड बाहेर पडू लागले, तसं बंद झालं. डबा तोच, जागा तीच.

भुसावळकर :
केळीचं पान आणि खोड म्हणजे सगळं पाणीच, आणि पाणी या लहरी शोषतं. डबा वरच्या मजल्यावर खिडकीशी ठेवून बघा, पण हिरव्या बागेतून आरपार जाईल ही आशा सोडा.

चोपडेकर :
"लाईन"चं कोणी बोललंच नाही! आमच्याकडे लाईन म्हणजे वीज. "लाईन ऊनी का?", म्हणजे आली का, विचारलं की कोणी नेट समजत नाही. आता नेटवाला फोनवर म्हणतो "ताई लाईन डाऊन आहे", सासूबाई म्हणतात पंखा तर चालू आहे, खोटं बोलतो मेला. आणि खरी लाईन गेली की डबाही बंद, मग दोन्ही अर्थ एकच होतात.
बाकी वायफाय म्हणजे वायरलेस फिडेलिटी ना? मुलाच्या वहीत तसं लिहून दिलंय.

धुळेकर :
नाही ताई, तो फुलफॉर्म नाहीच. १९९९ साली इंटरब्रँड नावाच्या कंपनीकडून हे नाव करून घेतलं, हायफायशी यमक जुळतं म्हणून. मूळ तंत्राचं नाव ८०२.११, ते दुकानात जाऊन कोण मागणार? फिडेलिटी मागाहून जाहिरातीच्या ओळीत घुसडलं आणि तेच वह्यांमध्ये जाऊन बसलं. मराठी पाहिजे तर "बिनतारी" आहे, पोलिसांचा बिनतारी संदेश विभाग आहेच की. पण "बिनतारीचा पासवर्ड सांग" असं पाहुण्याने विचारलं तर मी आधी त्याचं ओळखपत्र बघेन.

भुसावळकर :
मला तर यातलं सगळ्यात मराठी काही वाटत असेल तर ते क्रियापद. "फोन वायफाय पकडत नाही", "नेट लागत नाही". पकडणं रेडिओचं, माझे वडील काटा फिरवून जळगाव आकाशवाणी पकडायचे, आणि लागणं त्या जुन्या काळ्या फोनचं. नाव इंग्रजी येऊ दे, चालवतो आपण आपल्याच क्रियापदांवर.

चोपडेकर :
मग लिंगाचं पण सांगून टाका जिभाऊ. नेट गेलं, राउटर गेला, रेंज गेली, इथवर भांडण नाही. वायफाय गेला की गेलं? घरात दोन पार्ट्या आहेत.

भुसावळकर :
मी "गेलं" म्हणतो, नेटच्या नादाने. माझा पुतण्या "गेला" म्हणतो, त्याच्या डोक्यात डबा असतो. दोघांचं चालू द्या.