फिरवून आणलं की घरात येऊन शू! पाच महिन्यांच्या पिल्लाचं काय करू?

नमस्कार मंडळी,
आमच्याकडे पाच महिन्यांची पॉमेरेनियन कुत्री आहे, चिंगी. वजन जेमतेम दोन किलो, पण अख्ख्या घराला पुरून उरलीय. शी बाहेरच करते, त्याबद्दल तक्रार नाही. घोडं अडलंय ते शूवर.

लसी पूर्ण होईपर्यंत बाहेर नेऊ नका असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून सुरुवातीला घरातच पिल्लांचे शू शोषून घेणारे पॅड अंथरले. ते ती पटकन शिकली. लसी झाल्यावर पॅड उचलले आणि बाहेर न्यायला लागले. आता अर्धा-अर्धा तास फिरवते. प्रत्येक खांब हुंगून होतो, गवताचं पातं न् पातं तपासून होतं, पण शू नाही म्हणजे नाही. घरात येऊन पट्टा काढला की बाईसाहेब थेट पायपुसण्यावर. दोनदा गोल फिरते, माझ्याकडे बघत बसते आणि मोकळी होते. पायपुसणं उचललं तर सतरंजी. कोरड्या फरशीवर मात्र आजवर एकदाही नाही.

सासूबाई म्हणतात, तिचं नाक घास त्यात. ते माझ्याच्याने होणार नाही. नवरा एकदा जोरात ओरडला, तर आता त्याच्यासमोर करत नाही, सोफ्यामागे जाऊन करते. आपला पाय ओला झाला की कळतं. पॅड परत लावू का? की काही दुखणंबिखणं असेल?

उत्तर १
फरशीवर करत नाही यातच सगळं आलं. पॅडमुळे पायाखाली मऊ लागलं की शू करायची, एवढंच ती शिकलीय. तिच्या लेखी पायपुसणं म्हणजे पॅडच. काही दिवस पायपुसणी, सतरंज्या गुंडाळून ठेवा. एक वापरलेला पॅड बाहेर ठरलेल्या जागी अंथरा, मग रोज थोडा थोडा कापून लहान करत न्या. घरातले डाग शूचा वास मोडणाऱ्या एंझाइमवाल्या क्लीनरने पुसा. अमोनिया असलेलं काही नको, त्याचा वास तिला शूसारखाच येतो. आणि नाक घासणं, ओरडणं साफ बंद. त्यातून ती फक्त लपायला शिकते, ते तुम्ही पाहिलंच आहे.

दिवसा पिल्लू साधारण वयाच्या महिन्यांइतके तास रोखून धरतं असा ढोबळ हिशेब आहे. लहान चणीच्या कुत्र्यांना त्याहून कमी जमतं, तेव्हा तुम्ही तीन तासच धरा. शिवाय झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ झाल्यावर लगेच न्यायचं. सारखी थेंब-थेंब करत असेल, जोर लावत असेल, रक्त दिसलं किंवा झोपेत अंथरूण ओलं झालं, तर आधी डॉक्टरांकडून लघवी तपासून घ्या.

उत्तर २
एक विचारू? बाहेर तिने चुकून कधी केलीच, तर तुम्ही लगेच घरी वळता का? बऱ्याच जणांचं तसंच होतं. शू झाली की फिरणं संपतं हे कुत्र्याला चांगलं कळतं, मग ते दाबून ठेवतं. उलटं करा. आधी एकाच जागी पट्टा धरून पाच-दहा मिनिटं उभ्या राहा, बोलू नका, खेळू नका. केली की तिथल्या तिथे खाऊ आणि मग फिरायला. नाही केली तर घरी या, पण पट्टा काढू नका. पंधरा मिनिटं तिला जवळच ठेवा आणि परत बाहेर.

धागाकर्ती
अय्या, हो! झाली की मी लगेच वळायचे. कशाला उगाच थांबा म्हणून!

चार दिवसांनी अपडेट देते. पॅडचा आता पोस्टकार्डाएवढा तुकडा उरलाय. आज सकाळी सातव्या मिनिटाला चिंगी बसली. मी आनंदाने एवढ्या मोठ्याने "शाब्बास" म्हटलं की ती दचकून अर्ध्यावरच उठली, आणि उरलेली घरी येऊन सोफ्यामागे केली. नेमकं कौतुक करायचं कधी?

उत्तर २
पूर्ण उठून उभी राहिली की. तोवर श्वाससुद्धा हळू घ्या.