ते गाणे सर्वांना पाठ होते

परवा भाचीच्या वाढदिवसाला तिच्या सगळ्या मैत्रिणी एकच गाणे शब्दन् शब्द म्हणत होत्या, आणि त्या भरल्या खोलीत ते गाणे ठाऊक नसलेली मी एकटीच होते. केस पांढरे झाले, वाचायला चष्मा लागला, तेव्हाही जे वय जाणवले नव्हते ते त्या चार मिनिटांत जाणवले. "याला गाणे म्हणायचे का?" हे वाक्य ओठांवर आले आणि मी ते गिळले, कारण ते माझ्या वडिलांचे वाक्य होते. सोळाव्या वर्षी मी टेपरेकॉर्डर लावून बसले की ते दारात उभे राहून नेमके हेच विचारीत, आणि मला अतोनात वाईट वाटे. त्या वेळी त्यांना काय वाटत असेल, हा विचार परवा प्रथमच मनात आला. आपल्यालाही असे कधी जाणवले असल्यास कृपया लिहावे.

* * *

माझे शब्द आधी सुटू लागले. चाल कळे, ठेका कळे, पण गायक काय म्हणतो आहे ते उमगेना, आणि हल्लीचे गायक अस्पष्ट गातात असे मी दोन वर्षे ठामपणे सांगत होतो. श्रवणचाचणी केली तेव्हा समजले की वयोमानानुसार उंच पट्टीतले ध्वनी प्रथम कमी ऐकू येऊ लागतात, आणि स, श, फ यांसारखी व्यंजने ओळखायला तेच ध्वनी लागतात. मागे वाद्यांचा गजर असला की ती बुडूनच जातात. जुन्या गाण्यांत ही उणीव लक्षात येत नाही, कारण कानाला जे निसटते ते स्मरण भरून काढते. आता नवे गाणे मी शब्द समोर ठेवून ऐकतो, आणि त्यांतली काही मला मनापासून आवडली आहेत.

* * *

ताई, आपल्या वडिलांविषयी वाचून थांबले. माझे वडील काही विचारीत नसत. ते मुकाट्याने शेजारी बसून ऐकत. त्यांना ती गाणी आवडत होती की ते केवळ माझ्यासाठी बसत होते, हे विचारायचे राहून गेले. माझा मुलगा हेडफोन लावून ऐकतो, त्यामुळे मी त्याच्या शेजारी बसले तरी माझ्यापर्यंत काहीच पोहोचत नाही.

* * *

वरचा प्रतिसाद अगदी पटला. वॉकमन १९७९ साली आला, म्हणजे एकट्याने ऐकणे आपल्याच काळात सुरू झाले. तरी घरात टेपरेकॉर्डर होता तोवर एकाचे गाणे सर्वांच्या कानावर पडे. शिवाय साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची असे आणि नावडते गाणे ओलांडण्यासाठी फीत पुढे पळवत बसावे लागे, म्हणून आम्ही तेही ऐकून घेत असू, आणि दहाव्या खेपेला तेच गुणगुणत असू. वारंवार सामोऱ्या येणाऱ्या गोष्टीविषयी आवड वाढते, हे रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली मांडले होते. आता मी दहा सेकंदांत पुढच्या गाण्यावर जातो. स्पॉटिफायवर किमान तीस सेकंद ऐकल्यावरच ते ऐकणे मोजले जाते, त्यामुळे श्रोता उठून जाण्यापूर्वी मुखडा गाठण्याची घाई गाणे रचणाऱ्याला असणार, हे समजण्यासारखे आहे. मला मात्र गाण्याआधीच्या त्या लांब वाद्यसंगीताची फार उणीव भासते. त्या अर्ध्या मिनिटात मन गाण्यापाशी येऊन बसत असे.

* * *

माझे वय अवघे चौतीस आहे आणि मलाही हे जाणवते. कार्यालयात नव्याने आलेली मुले ज्या गायिकेविषयी तासभर बोलत होती, तिचे नावही मी ऐकले नव्हते.

* * *

चौतिसाव्या वर्षी असे वाटणे स्वाभाविक आहे. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी मनात सर्वांत दाट साठतात आणि त्या वयातली गाणीही त्यांच्यासोबतच राहतात, असे स्मृतीचे अभ्यासक सांगतात. मी शहात्तर वर्षांची आहे. आमच्या घरी मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या होत्या, ज्यांच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. त्यामुळे आजच्या आखूड गाण्यांचे मला नवल वाटत नाही. मुलीची गाणी मला परकी वाटली होती, आणि आज तीच गाणी ऐकताना तिचे लहानपण आठवून डोळे भरून येतात. नातीची गाणीही मी त्याच आशेने ऐकते.

* * *

आजी, आपला प्रतिसाद मी भाचीला वाचून दाखवला. तिने त्या गाण्याचे शब्द मला लिहून दिले आणि हेडफोन बाजूला ठेवून ते मोठ्याने लावले. पहिले कडवे आता मला येते. दुसऱ्या कडव्यातली एक ओळ अजून कानाला लागत नाही. उद्या ती शाळेतून आल्यावर पुन्हा ऐकणार आहोत.