गेममधल्या शिव्या गल्लीत येऊन राह्यल्या

कपाशीवाला:
परवा पानठेल्याजवळच्या लिंबाखाली तीन पोट्टे बीजीएमआय, म्हणजे मोबाइलवरचा बंदुकीचा गेम, खेळून राह्यले होते, चौथा तीन घरं सोडून आपल्या ओट्यावर. चौथ्यानं गेमात विमानातून पडणाऱ्या पेटीतली (एअरड्रॉप) एडब्ल्यूएम बंदूक उचलली म्हणून एकानं माइकवर त्याची माय-बहीण काढली. तो चप्पल न घालता, बैल हाकायची तुतारी घेऊनच आला. मायनं मधात पडून हात धरला म्हणून थांबलं. माह्या मतानं पोट्टे बंदुकीच्या चित्रानं नाही बिघडत, ह्या शिव्याईनं बिघडतात.

झोनबाहेर:
नाही पटलं भाऊ. शंकरपटात, कबड्डीत भांडणं होतात ते काय मोबाइलनं आणले? अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं, एपीएनं, 2020 मध्येच सांगितलं का हिंसक गेमले खऱ्या हिंसाचाराशी जोडाले पुरेसा पुरावा नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पबजी, बीजीएमआयचाच आधीचा अवतार, आपल्या देशात बंद झाला तं पोट्टे फ्री फायर ह्या तसल्याच गेमवर गेले अन् शिव्या त्याच. समोरच्याचा आवाज बंद करायचं म्यूटचं बटन हाय ना, दाबा अन् खेळा.

कपाशीवाला:
पुरं वाच ना बे. त्याच एपीएनं ओरडणं, ढकलणं असल्या आक्रमक वागण्याशी लहानसा पण पक्का संबंध हाय असंही म्हटलं. अन् डिसेंबर 2017 मध्ये अमेरिकेत विचिटा शहराले काय झालं? कॉल ऑफ ड्यूटी ह्या बंदुकीच्या गेमात दीड डॉलरच्या पैजेवरून दोघाईचं वाजलं, एकानं तिसऱ्याकडून पोलिसाले खोटा फोन करवला, पत्ता भलत्याच घराचा निघाला, अन् ज्याचा गेमशी काही संबंध नव्हता तो 28 वर्षांचा माणूस दारातच पोलिसाच्या गोळीनं गेला. दीड डॉलर भाऊ! अन् म्यूट अनोळखी माणसाले चालते, गल्लीतल्याले कसं म्यूट करशील? सकाळी त्याच नळावर भेटते तो.

झोनबाहेर:
विचिटात खोटा फोन करणारा गुन्हेगार, गेम नाही. आपल्याइकडं घरात बाप जे बोलते तेच पोट्टा माइकवर बोलते. आधी ते थांबवा.

माइकबंद:
मी मुलगी हाय अन् दोन वर्षं झाली खेळते. आवाज ऐकला का सुरूच होते, रेट काय, किचनमध्ये जा, अन् पुढचं इथं लिहिवत नाही. दादा, तुमचं म्यूट म्हणजे मीच गप्प बसायचं ना? मले शत्रू कुठं हाय ते टीमले सांगता येत नाही, मरते मी, मंग मॅच हरल्याचं खापरही माह्यावरच. घरातलं बरोबर हाय तुमचं, पण त्या लिंबाखाली तुम्हीही बसता ना, तेव्हा एकदा तरी म्हणा ना त्याईले का असं नको बोलू. तुमचं ऐकतील ते, माह्यं नाही ऐकत.